गुलाबांनंतरची मतमोजणी

जुलै उजाडला की एक मजकूर फिरत फिरत माझ्यापर्यंत येतोच. कधी व्हॉट्सअ‍ॅपवर, कधी एखाद्या व्याख्यानात, एकदा तर शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांच्या तोंडून. नॉर्वेमध्ये एका अतिउजव्या माथेफिरूनं ७७ जणांना ठार मारलं. लोकांनी सूडाची भाषा न करता हातात गुलाब घेतले. खटला चालू असताना ४० हजार माणसांनी एकत्र जमून लहान मुलांचं गाणं म्हटलं. आणि द्वेषाचं राजकारण त्या देशातून कायमचं हद्दपार झालं.

यातली पहिली तीन वाक्यं खरी आहेत. चौथं खोटं आहे, आणि नेमकं तेच टाळ्या घेतं.

आधी जे खरं आहे ते पाहू. २२ जुलै २०११ रोजी दुपारी अँडर्स ब्रेव्हिक यानं ओस्लोतल्या सरकारी कार्यालयांसमोर स्फोटकांनी भरलेली गाडी उडवली. आठ माणसं मेली. मग पोलिसाच्या वेशात तो उतोया नावाच्या बेटावर गेला. तिथं सत्ताधारी मजूर पक्षाच्या युवक संघटनेचं उन्हाळी शिबिर भरलं होतं. तिथं त्यानं ६९ जणांना मारलं, त्यांत बहुतेक विशीच्या आतली मुलं. तीन दिवसांनी ओस्लोत गुलाब घेऊन लोक रस्त्यावर उतरले. सहा लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरात दीड-दोन लाखांचा जमाव! पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी या हिंसेला आणखी लोकशाही आणि आणखी मोकळेपणा हेच उत्तर असेल असं सांगितलं. गाण्याचा प्रसंग पुढच्या वर्षीचा, २६ एप्रिल २०१२ चा. ते गाणं मुलांच्या मनावर चुकीचे संस्कार करतं, असं ब्रेव्हिक न्यायालयात म्हणाला होता. म्हणून लोक भर पावसात चौकात जमले आणि तेच गाणं गात न्यायालयाकडे गेले.

हे सगळं घडलं आणि ते मोलाचंही होतं. संशोधकांनी त्याची मोजदादही केली. नॉर्वेतल्या अभ्यासांत दिसलं, की हल्ल्यानंतर लोकांचा एकमेकांवरचा आणि सरकारी संस्थांवरचा विश्वास वाढला. निकलास याकोबसन आणि स्वेन ब्लोम यांना असं आढळलं, की हल्ल्यानंतर लगेचच्या काळात स्थलांतरितांविषयीचं मत आधीपेक्षा अनुकूल झालं होतं. म्हणजे हिंसेनं जनमत हलतं, हे खरं. ते कुठवर हलतं आणि किती दिवस तिथं टिकतं, हा प्रश्न मात्र फॉरवर्ड करणाऱ्यांना पडत नाही.

हल्ल्यानंतर सात आठवड्यांनी, १२ सप्टेंबरला, स्थानिक निवडणुका झाल्या. स्थलांतरविरोधाचं राजकारण करणारा तिथला मोठा पक्ष म्हणजे प्रोग्रेस पक्ष. इथं एक खुलासा करायलाच हवा. हा संसदीय पक्ष आहे, त्यानं हल्ल्याचा निःसंदिग्ध निषेध केला आणि खुनाचा दोष त्याच्यावर टाकण्याचं कारण नाही. ब्रेव्हिक काही वर्षं त्याचा सभासद होता, पण त्याला तो पक्ष मवाळ वाटला आणि तो बाहेर पडला. आपल्याला एवढंच पाहायचं आहे, की खुन्यानं जो विषय आपला म्हणून मिरवला, त्याच विषयावर मतं मागणाऱ्या पक्षाचं पुढं काय झालं.

२००७ मध्ये त्याला १७.५ टक्के मतं होती. २०११ मध्ये ती ११.४ टक्क्यांवर आली. इथं थांबलं तर फॉरवर्ड बरोबर ठरतो. पण ही घसरण हल्ल्याच्या आधीच सुरू झाली होती. त्या वर्षाच्या सुरुवातीला पक्ष एका लैंगिक गैरवर्तनाच्या प्रकरणात अडकला होता. शिवाय, सुटलेली मतं गेली कुठं? ज्यांची मुलं मारली गेली त्या मजूर पक्षाची मतं जेमतेम दोन टक्क्यांनी वाढली. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची मात्र १९ टक्क्यांवरून २८ वर गेली. मतदारांनी बाजू बदलली नव्हती, ते त्याच बाजूला थोडे सरकून बसले होते.

दोन वर्षांनी, २०१३ च्या संसदीय निवडणुकीत, स्टोल्टेनबर्ग यांचं सरकार गेलं. प्रोग्रेस पक्षाला १६.३ टक्के मतं मिळाली आणि १९७३ साली स्थापन झालेला हा पक्ष इतिहासात पहिल्यांदाच सरकारात आला. अध्यक्ष सिव येन्सन अर्थमंत्री झाल्या. पक्ष २०२० च्या जानेवारीपर्यंत सत्तेत राहिला. यात काही लबाडी नव्हती. लोकांनी शांतपणे जाऊन मतं दिली.

२०१८ ची गोष्ट तर या मजकुराच्या प्रत्येक प्रतीबरोबर जोडून पाठवावी असं वाटतं. त्या मार्चमध्ये प्रोग्रेस पक्षाच्या न्यायमंत्री सिल्व्ही लिस्टहाउग यांनी फेसबुकवर लिहिलं, की मजूर पक्षाला राष्ट्राच्या सुरक्षेपेक्षा दहशतवाद्यांचे हक्क जास्त महत्त्वाचे वाटतात. वाद होता परदेशी दहशतवादी गटांत सामील झालेल्यांचं नागरिकत्व काढून घेण्याचा. पण ज्या पक्षाची मुलं दहशतवाद्यानं मारली त्याच पक्षाला उद्देशून हे वाक्य, आणि तेही उतोयावरचा चित्रपट पडद्यावर येत असतानाच! संसदेत गदारोळ झाला, अविश्वासाचा ठराव आला आणि लिस्टहाउग यांनी राजीनामा दिला. आपला कथाकार इथं पुन्हा टाळी वाजवेल. थोडं थांबावं. २०२१ मध्ये त्याच लिस्टहाउग पक्षाच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२५ च्या निवडणुकीत त्यांनी पक्षाला जवळजवळ २४ टक्के मतं मिळवून दिली. पक्षाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी टक्केवारी, देशात दुसरा क्रमांक.

आणि स्मारक? बेटासमोरच्या किनाऱ्यावर खडकात आरपार खाच पाडायची, असा योनास डालबर्ग या कलाकाराचा आराखडा सरकारनं निवडला होता. आसपासच्या रहिवाशांनी त्याला विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१७ मध्ये सरकारनं तो आराखडा सोडून दिला. रहिवासी दुष्ट नव्हते. हल्ल्याच्या संध्याकाळी त्यांच्यातल्याच अनेकांनी आपल्या होड्या घालून पोरांना पाण्यातून बाहेर काढलं होतं. तीच आठवण रोज खिडकीतून दिसायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. गुलाबांच्या गोष्टीत या लोकांना जागा नाही.

असं का होतं, याची कारणं फार गूढ नाहीत. खुनाचा निषेध करायला आपलं कुठलंही मत सोडावं लागत नाही. "त्यानं केलं ते भयंकर, पण स्थलांतराचा प्रश्न आहेच की," हे वाक्य माणूस मनात सहज म्हणतो, आणि म्हणताना त्याला विसंगती जाणवत नाही. दुसरं कारण अधिक त्रासदायक आहे. हल्ला झाला की वृत्तपत्रं, वाहिन्या खुन्याचा हेतू उलगडू लागतात आणि त्या ओघात त्याचाच विषय आठवडेच्या आठवडे पहिल्या पानावर राहतो. जर्मनीतल्या अतिउजव्या हल्ल्यांवर वर्नर क्राउझे आणि मिकू मात्सुनागा यांनी केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असाच आहे: अशा हल्ल्यांनंतर अतिउजव्या पक्षाचा पाठिंबा कमी होण्याऐवजी काहीसा वाढू शकतो, आणि माध्यमांत त्या पक्षाच्या आवडीच्या विषयांची चर्चा वाढणं हे त्याचं एक कारण.

जर्मनीचे निकालही तसेच आहेत. १ जून २०१९ च्या रात्री वाल्टर ल्युबके या ख्रिश्चन डेमोक्रॅट अधिकाऱ्याला कासेलजवळच्या त्याच्या घराच्या व्हरांड्यात गोळी घालण्यात आली. त्याचा गुन्हा काय, तर २०१५ मध्ये निर्वासितांच्या छावणीची बाजू घेऊन एका सभेत तो ठामपणे बोलला होता. १ सप्टेंबरला एएफडी या अतिउजव्या पक्षानं सॅक्सनीत २७.५ आणि ब्रांडेनबुर्गमध्ये २३.५ टक्के मतं घेतली. ९ ऑक्टोबरला हाले शहरात सिनेगॉगवर हल्ला झाला, दोघे मारले गेले. अठरा दिवसांनी शेजारच्या थ्युरिंगियात एएफडीची मतं २०१४ च्या १०.६ टक्क्यांवरून २३.४ वर गेली. हल्ल्यांमुळे गेली असं मी म्हणत नाही. कारणं जुनी आणि बरीच होती. हल्ल्यांमुळे अडली नाहीत, एवढं मात्र उघड आहे. २०२० मध्ये हानाउत नऊ जणांना वंशद्वेषातून मारल्यावर चारच दिवसांनी हाम्बुर्गमध्ये मतदान झालं. संध्याकाळचे पहिले अंदाज आले तेव्हा एएफडी पाच टक्क्यांच्या उंबरठ्याखाली होता. विरोधकांनी जल्लोष केला. मोजणी पुढं गेली आणि पक्ष ५.३ टक्क्यांवर आत बसला.

ब्रिटनमध्ये तर चलन बाजारानंही हाच गैरसमज करून घेतला होता. १६ जून २०१६ रोजी, ब्रेक्झिटच्या मतदानाला आठवडा उरला असताना, खासदार जो कॉक्स यांचा एका अतिउजव्यानं भर रस्त्यात खून केला. आता सहानुभूतीनं पारडं युरोपीय संघात राहण्याच्या बाजूनं फिरणार, या अंदाजावर पाउंड वधारला. २३ तारखेला ५१.९ टक्के लोकांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूनं मत दिलं. कॉक्स यांच्या जागेवरच्या पोटनिवडणुकीत मोठ्या पक्षांनी त्यांच्या मजूर पक्षाविरुद्ध उमेदवारच दिले नाहीत आणि उभ्या राहिलेल्या अतिउजव्यांची अनामत गेली. पण पाच वर्षांनी तिथंच कॉक्स यांची बहीण उभी राहिली, तेव्हा ती फक्त ३२३ मतांनी निवडून आली.

अमेरिकेत जनमत परत कसं फिरतं ते अगदी टप्प्याटप्प्यानं पाहता येतं. ६ जानेवारी २०२१ च्या संसदेवरील हल्ल्यानंतर प्यू संस्थेच्या पाहणीत ट्रम्प यांची पसंती २९ टक्क्यांपर्यंत घसरली. मार्चमध्ये ७९ टक्के रिपब्लिकनांना दंगलखोरांवर खटले भरणं महत्त्वाचं वाटत होतं. सप्टेंबरमध्ये ५७ टक्क्यांना. मधल्या सहा महिन्यांत दंगलखोरांना निर्दोष ठरवणारा पुरावा आला नव्हता. पक्षाचे पुढारी काय बोलत होते, ते बदललं होतं. २० जानेवारी २०२५ ला पुन्हा निवडून आलेल्या ट्रम्प यांनी सुमारे १,५०० जणांना माफी देऊन टाकली.

आता मराठी वाचक हमखास विचारणार: मग १९४८ चं काय? प्रश्न रास्त आहे. गांधीहत्येनंतर हिंदू महासभा खरोखरच कोसळली. १९५१-५२ च्या पहिल्या लोकसभेत तिच्या वाट्याला चार जागा आल्या, नव्या जनसंघाला तीन. पण ते केवळ लोकांच्या हळहळीनं झालं नाही. ४ फेब्रुवारीला संघावर बंदी आली, लाल किल्ल्यात खटला चालला, महासभेनं स्वतःच काही काळ राजकारण थांबवलं, आणि नेहरू आणि पटेल यांच्यात कितीही मतभेद असले तरी खुन्याला आडोसा मिळेल असं दोघेही बोलले नाहीत. लोकक्षोभाचं दुसरं रूपही आपल्याला ठाऊक आहे: पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत खुनाशी काडीचा संबंध नसलेल्या ब्राह्मणांची घरं जळली. संतापलेलं जनमत नेहमी गुलाबच घेऊन येतं, हाही एक गैरसमजच.

हे सगळं वाचून कुणी उलटा निष्कर्ष काढेल, की म्हणजे हिंसा फळते. तोही चूक. ब्रेव्हिकला मजूर पक्षाची पुढची पिढी संपवायची होती. हल्ल्यानंतर त्या युवक संघटनेकडे सभासदांचा ओघ वाढला आणि २०१५ पासून उतोयावर शिबिर पुन्हा भरू लागलं. न्यूझीलंडमध्ये २०१९ साली क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जण मारले गेल्यावर महिन्याच्या आत संसदेनं लष्करी धर्तीच्या बंदुकांवर बंदी घातली, ११९ विरुद्ध १ मतानं.

ब्रेव्हिकविषयीचे उरलेले गैरसमज झटपट उरकतो.

"त्यानं मुसलमानांना मारलं." नाही. द्वेष मुसलमानांचा होता, पण शिकार होती मजूर पक्षाची मुलं, कारण त्या पक्षानं देश विकला असं त्याचं मत होतं.

"तो वेडा होता." मनोविकारतज्ज्ञांच्या पहिल्या जोडीनं तसा अहवाल दिला होता, दुसरीनं तो खोडला, आणि २४ ऑगस्ट २०१२ ला तो वेडा नव्हता असं न्यायालयानं एकमतानं ठरवलं. गंमत म्हणजे आपल्याला वेडा ठरवू नये हा खुद्द त्याचाच आग्रह होता.

"एकटाच होता." बंदूक एकट्याची होती. पंधराशेहून जास्त पानांच्या त्याच्या जाहीरनाम्यातला मोठा भाग इतरांच्या लिखाणातून उचललेला होता, आणि क्राइस्टचर्चच्या खुन्यानं पुढं त्याचंच नाव घेतलं.

"गरिबीतून आलं असणार." वडील राजनैतिक अधिकारी, घर ओस्लोच्या सुखवस्तू पश्चिम भागात.

"फक्त २१ वर्षांची शिक्षा, मग मोकळा." हे तर सगळ्यात चिवट. ती साधी कैद नाही. मुदत संपल्यावरही माणूस धोकादायक वाटला तर ती पुन्हा पुन्हा वाढवता येते, तहहयात. दहा वर्षांनी सुटकेचा अर्ज करता येतो, म्हणून त्यानं तो केला. २०२२ मध्ये न्यायालयानं फेटाळला. २०२४ मध्ये पुन्हा फेटाळला.