वाशिम: जिल्हा आणि खासदाराची चुकामूक

वऱ्हाडच्या नकाशात वाशिमइतकं चक्रावून टाकणारं गाव दुसरं नसेल. इंग्रजांच्या अमलात वाशिम जिल्ह्याचं ठिकाण होतं, पण तेव्हा लोकसभा कुठली? १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून अकोल्यात घातला गेला. १९७७ मध्ये वाशिमच्या नावाचा लोकसभा मतदारसंघ आला, तर वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. १ जुलै १९९८ ला जिल्हा परत मिळाला आणि त्यानंतर दहा वर्षांतच मतदारसंघ गेला. जिल्हाही आपला आणि खासदारही आपल्या नावाचा, हा योग वाशिमकरांना शेवटच्या खासदाराची मुदत धरूनही जेमतेम अकरा वर्षं लाभला. वत्सगुल्म म्हणून कधीकाळी वाकाटकांची राजधानी मिरवणाऱ्या गावाची ही गत!

तसं पाहिलं तर दिल्लीशी वऱ्हाडचं नातं पहिल्यापासूनच तिरपागडं. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख. १९०२ च्या करारानं तो इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्यानं आला, तरी ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ मात्र झाला नाही. मग दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडचा प्रतिनिधी बसवायचा कसा? सरकारनं शोधलेली पळवाट मोठी गमतीची आहे. वऱ्हाडात रीतसर निवडणूक घ्यायची, लोकांनी निवडलेला माणूस पाहायचा आणि त्यालाच सरकारनं ‘नियुक्त’ करायचं! लोकनायक बापूजी अणे वऱ्हाडचे म्हणून त्या सभागृहात बसले ते याच दारानं. लोकांनी निवडून दिलेले, पण सरकारी यादीत नियुक्त.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ मध्ये, वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं आणि राजधानी होती नागपूर. अमरावतीचे तेव्हा दोन मतदारसंघ होते, पूर्व आणि पश्चिम. पश्चिमेतून डॉ. पंजाबराव देशमुख निवडून आले आणि देशाचे कृषिमंत्री झाले. त्याहून नवलाचा होता ‘बुलढाणा-अकोला’. मतदारसंघ एक, खासदार दोन! गोपाळराव खेडकर आणि लक्ष्मणराव भटकर हे दोघे एकाच मतदारसंघातून, एकाच वेळी लोकसभेत गेले. त्या निवडणुकीत देशात असे जोड मतदारसंघ ८६ होते. उत्तर बंगालमध्ये तर एक तिहेरीसुद्धा होता. अनुसूचित जातीजमातींसाठी राखीव जागा ठेवायची, पण त्यासाठी वेगळा मतदारसंघ तोडायचा नाही, म्हणून ही युक्ती.

मतदान केंद्रावर हे कसं चाले ते डोळ्यांसमोर आणून पाहा. आडोशामागे पेट्यांची रांग. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. मतपत्रिकेवर ना नाव, ना शिक्का मारायची जागा. जो उमेदवार पसंत असेल त्याच्या पेटीत ती टाकायची, झालं मतदान. अक्षरशत्रू मतदारालाही अडचण नको, हा त्यामागचा विचार. जोड मतदारसंघात प्रत्येकाच्या हाती दोन मतपत्रिका यायच्या. मात्र दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच मत धरलं जाई.

मोजणी झाली की आधी राखीव जागा ठरवायची: राखीव प्रवर्गातल्या उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मतं, तो निवडून आला. उरलेली जागा मग बाकी सगळ्यांत जो पुढे असेल त्याला, तो राखीव प्रवर्गातला असो वा नसो. या नियमाचा फटका १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये पुढे राष्ट्रपती झालेल्या व्ही. व्ही. गिरींना बसला. तिथे दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांकडे गेल्या आणि गिरी घरी बसले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले, तिथेही हरले. १९६१ मध्ये कायदा करून जोड मतदारसंघ बंद झाले.

पुढची मोठी उलथापालथ १९७१ च्या जनगणनेनंतरची. लोकसभेतल्या महाराष्ट्राच्या जागा ४५ वरून ४८ झाल्या आणि सगळ्या रेघा नव्यानं मारल्या गेल्या. खामगाव हा मतदारसंघ पुसला गेला, वाशिम उगवला.

एका तालुक्याच्या गावाच्या नावानं कोण कोण दिल्लीत गेलं पाहा. १९७७ मध्ये पहिलेच खासदार वसंतराव नाईक, अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सांभाळलेले. १८ ऑगस्ट १९७९ ला ते गेले आणि चारच दिवसांत ती लोकसभाही विसर्जित झाली. मग १९८० मध्ये आले गुलाम नबी आझाद. डोडा जिल्ह्यातल्या डोंगराळ गावचा तिशीतला काश्मिरी तरुण वाशिममध्ये उभा राहतो काय आणि निवडून येतो काय! १९८४ मध्ये वाशिमनं त्यांना पुन्हा पाठवलं. पुढे २००५ मध्ये ते जम्मू-काश्मीरचे मुख्यमंत्री झाले. बाहेरचा उमेदवार लादला की मतदार चिडतो, असं आपण सर्रास म्हणतो. वाशिम त्याला चोख अपवाद आहे. १९८९ मध्ये मात्र मतदारांनी अनंतराव देशमुखांना चक्क अपक्ष म्हणून निवडून दिलं, १९९१ मध्ये तेच काँग्रेसचे. १९९६ मध्ये शिवसेनेचे पुंडलिकराव गवळी, १९९८ मध्ये वसंतरावांचे पुतणे सुधाकरराव नाईक, तेही माजी मुख्यमंत्री. १९९९ आणि २००४ मध्ये पुंडलिकरावांच्या कन्या भावना गवळी. बत्तीस वर्षांत खासदार सहा. त्यांत काका-पुतण्या, बाप-लेक आणि दोन राज्यांचे मिळून तीन मुख्यमंत्री.

एवढं वैभव असलेला मतदारसंघ गेला कसा? राजकारणाचे तर्क सोडा, साधा हिशेब पाहा. विधानसभेच्या जागा २८८, लोकसभेच्या ४८, म्हणजे एका खासदारामागे सहा आमदार. मतदारसंघांची फेररचना करणाऱ्या न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाला महाराष्ट्राच्या एकूण जागा वाढवता येत नव्हत्या, ती संख्या घटनादुरुस्तीनं गोठवलेली. २००१ ची जनगणना समोर ठेवून आतल्या रेघा तेवढ्या हलवायच्या होत्या.

आता वऱ्हाडात सहा-सहाचे गट करा. वाशिम जिल्ह्यात विधानसभेचे मतदारसंघ तीनच: रिसोड, वाशिम, कारंजा. म्हणजे निम्माच खासदार. अकोल्यात पाच, एक कमी. तो भरायला रिसोड तिकडे. यवतमाळात सात; पण वणी आणि आर्णी चंद्रपूरला, उमरखेड हिंगोलीला दिल्यावर उरले चार. वाशिम आणि कारंजा त्यांना जोडले, झाले सहा, आणि नाव पडलं ‘यवतमाळ-वाशिम’. अमरावतीत आठ, त्यातले मोर्शी आणि धामणगाव रेल्वे वर्ध्याच्या चारांना देऊन तिथलेही सहा झाले. बुलढाण्याचे सात, म्हणून मलकापूर रावेरला. कुठेही बाकी उरली नाही. जिगसॉ कोड्याचे तुकडे बसावेत तसं सगळं चपखल बसलं. त्यात वाशिमच्या नावाला तेवढी जोडशब्दाची दुसरी बाजू मिळाली.

फेब्रुवारी २००८ मध्ये नवी रचना लागू झाली. भावना गवळी २००९ मध्ये यवतमाळ-वाशिममधून पुन्हा जिंकल्या, त्यामुळे वाशिमची शेवटची खासदार आणि नव्या मतदारसंघाची पहिली खासदार एकच. या साऱ्यात खरी गंमत रिसोडची. १९९८ मध्ये ते अकोला जिल्ह्यातून निघून वाशिममध्ये आलं आणि दहा वर्षांनी लोकसभेपुरतं परत अकोल्यात गेलं. दाखल्यासाठी वाशिमचं कलेक्टर ऑफिस गाठणारे रिसोडकर आज खासदार मात्र अकोल्याचा निवडतात.