फडावरचा सामना: कलगी-तुऱ्यापासून स्पर्धेच्या मंचापर्यंत

(घोडेगाव, ता. नेवासा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



घोडेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी आठवतो तो इथला जनावरांचा बाजार. म्हैस घेणारा माणूस कुणाच्या प्रमाणपत्रावर म्हैस घेत नाही. तो दात बघतो, कास बघतो, चार पावलं चालवून बघतो आणि मग ठरवतो. गाण्याची पारखही पूर्वी अशीच भर गर्दीत व्हायची आणि ऐकणाराच ती करायचा. पुढे ती परीक्षकांच्या हाती गेली. त्यात काय साधलं आणि काय निसटलं, हे आज बघायचं आहे.

सामना कसा व्हायचा?

शाहिरांचे दोन पक्ष होते. तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषतत्त्वाला श्रेष्ठ मानायचे. कलगीवाले शक्तीला, म्हणजे मायेला. दोन फड समोरासमोर आले की एकानं भेदिक लावणीतून कोडं घालायचं, पुराणातलं किंवा वेदान्तातलं. दुसऱ्यानं त्याचा उलगडा गाण्यातूनच करायचा आणि वर उलटा सवाल टाकायचा. साथीला डफ आणि तुणतुणं. आता तुणतुण्याला तार एकच. ती सूर धरून ठेवते, मागचे झीलकरी झील ओढतात, बाकी सगळा भार कवीच्या बुद्धीवर. रात्र सरली तरी सामना संपायचा नाही.

पेशवाईच्या उत्तरकाळात ही शाहिरी भरात होती. आपल्याच जिल्ह्यातले, संगमनेरचे अनंतफंदी (१७४४–१८१९) त्या काळातले. शेजारच्या सिन्नर तालुक्यातल्या बावीचे परशराम आणि सोलापूरचे राम जोशीही त्याच काळातले. अनंतफंदी आणि राम जोशी पुढे कीर्तनाकडे वळले. यावरून लक्षात घ्या, लावणी रचणाऱ्या या माणसांचा पुराणाचा पाया किती पक्का असेल.

मग बदललं काय?

पुढे तमाशाचे तंबू आले, तिकीट आलं. गण, गवळण, वग यांत सवाल-जवाब हा एक भाग होऊन राहिला. आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो ठाऊक आहे तो १९६४च्या ‘सवाल माझा ऐका’ या सिनेमामुळं. त्यानंतर रंगमंचावरच्या स्पर्धा आल्या: वेळ ठरलेली, गुण ठरलेले, परीक्षक टेबलामागे. अकलूजची लावणी स्पर्धा ठाऊकच आहे तुम्हाला. अशा स्पर्धांनी कलावंताला मान दिला, मोठा मंच दिला. हे नाकारून चालणार नाही.

पण याची दुसरी बाजू बघायला जरा लांब, अमेरिकेत जाऊ. तिथं खेड्यापाड्यात नाचाला व्हायोलिन वाजवतात, त्याला फिडल म्हणतात. आयडाहो राज्यातल्या वीझर या छोट्या गावात १९५३ साली जुन्या चालींच्या फिडलवादनाची स्पर्धा सुरू झाली. नियम असा, की एक नाचाची जलद चाल, एक वॉल्ट्झ आणि एक आपल्या आवडीची चाल, सगळं मिळून चार मिनिटांत. वादक कोण हे कळू नये म्हणून परीक्षकांना वेगळ्या खोलीत बसवायचे. न्याय चोख! परंपरा टिकली, पोरंसोरं वाजवायला लागली. पण टेक्सासकडची सजवून वाजवायची पद्धत बक्षिसं जिंकू लागली. मग दुसऱ्या भागातली मुलंही तीच शिकायला लागली आणि गावोगावचं वेगळं वळण मागं पडलं.

म्हणजे बघा, जे जिंकतं ते सगळे शिकतात. आपल्याकडं तर धोका आणखी मोठा आहे. फिडलवाला निदान एकटा वाजवू शकतो. भेदिकाला समोर उत्तर देणारा लागतो. सात मिनिटांची पाठ केलेली लावणी सादर करता येते, पण समोरून आलेला सवाल पाठ करून ठेवता येत नाही.

मग करायचं काय?

कोकणात जाखडीच्या नाचात शक्तीवाले आणि तुरेवाले आजही आमनेसामने उभे राहतात. म्हणजे रीत मेलेली नाही. तुमच्या यात्रेत स्पर्धा जरूर ठेवा, बक्षीसही ठेवा. फक्त एक फेरी अशी ठेवा, की तिथं घड्याळ नाही, गुणपत्रिका नाही, दोन फड समोरासमोर आणि निकाल मांडवानं द्यायचा. त्यासाठी जाणकार श्रोता मात्र लागेल. म्हैस पारखायला तुम्ही पोरांना बाजारात नेताच, तसं त्यांना एखाद्या रात्री फडासमोरही बसवा.