डेगीचा भाव कोण ठरवतो?

आमच्या मोहल्ल्याच्या जमातखान्यातल्या तीन जुन्या ॲल्युमिनिअमच्या डेगी यंदा मोडीत काढायच्या ठरल्या. महिन्याभरापूर्वी दुकानदाराने नव्या डेगींचा भाव सांगितला होता. पैसे जमवून माणसे खरेदीला गेली, तर किलोमागे भाव वाढलेला. परत येताच बैठकीत एकच सूर लागला, "जमातीचे काम बघून लुटतोय!" दुकानदारही आपल्यातलाच, दर जुम्याला त्याच सफेत उभा राहणारा. त्या दिवशी त्याच्याशी कोणी नीट बोलले नाही.

बदगुमानी करण्याआधी हा भाव कुठून येतो, हे पाहायला हवे होते.

ॲल्युमिनिअमचा पायाभूत भाव लंडनच्या धातुबाजारात ठरतो, तोही डॉलरमध्ये आणि टनावर. आपल्याकडे तो रुपयांत येतो. सोपा हिशेब करू. टनाला 2,500 डॉलर आणि डॉलरला 80 रुपये धरले, तर किलोला 200 रुपये होतात. लंडनचा भाव तसाच राहिला आणि डॉलर 84 रुपयांवर गेला, तर तोच किलो 210 रुपयांचा होतो. धातू महागला नाही, रुपया घसरला. त्यावर आयातशुल्क, वाहतूक, पत्रा लाटण्याचा खर्च, कारागिराची मजुरी, जीएसटी आणि दुकानदाराचा नफा चढतो.

कोणी म्हणेल, आपल्या देशात बॉक्साइट आहे, मग लंडनशी काय संबंध? खनिज खरेच आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातही खाणी आहेत आणि ओडिशात तर मोठे साठे आहेत. पण देशी कारखानदारही आयात माल इथे कितीला पडेल, ते पाहूनच आपला भाव लावतात.

दुसरे मोठे कारण वीज. साधारण चार टन बॉक्साइटपासून दोन टन अल्युमिना आणि त्यातून एक टन धातू मिळतो. त्या एका टनासाठी 13 ते 15 हजार युनिट वीज लागते. आपल्याकडे ही वीज मुख्यतः कोळशावर तयार होते. म्हणून कोळसा महागला की पातेलेही महागते. जगातले निम्म्याहून अधिक ॲल्युमिनिअम एकट्या चीनमध्ये बनते. 2021 मध्ये तिथे विजेची टंचाई झाली आणि भाव चढले. मार्च 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध पेटल्यावर लंडनचा भाव टनाला 4,000 डॉलरच्या वर गेला, कारण रशिया हा मोठा उत्पादक. काही महिन्यांतच तो बराच खाली आला. त्या दिवसांत ज्याने चढ्या भावाने माल भरला, त्याचे नुकसान कोणी विचारले नसेल.

आता मोडीचे. जुने ॲल्युमिनिअम वितळवायला नवा धातू बनवण्याच्या मानाने जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते. म्हणून फुटक्या पातेल्यालाही मोल आहे. ते विकताना लोखंडी कड्या आणि रिबिटी काढून घ्याव्यात. काट्यावरचे वजन स्वतः पाहावे आणि दोन ठिकाणी भाव विचारावा. मोडीचा भाव नव्यापेक्षा कमी असणारच, कारण वितळवताना घट येते. पण वजनात फरक पडला, तर ती लबाडीच. मापात कमी देणाऱ्यांना कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये सुरुवातीलाच सक्त ताकीद आहे.

व्यापारी घरांसाठी आणखी एक गोष्ट. भांड्यांचा किंवा भंगाराचा धंदा असेल, तर बहुतेक उलमांच्या मते विक्रीच्या मालावरची जकात वर्ष पूर्ण होण्याच्या दिवशीच्या बाजारभावाने काढायची, खरेदीच्या भावाने नव्हे. भाव चढला असेल तर अडीच टक्क्यांची रक्कमही वाढते. म्हणून त्या दिवशीचा भाव वहीत टिपून ठेवावा.

आमच्या जमातीतले दोघे नंतर दुकानदाराकडे गेले. त्याने घाऊक खरेदीची दोन्ही बिले समोर ठेवली. खरेदीच महाग झाली होती, त्याने आपला नफा वाढवला नव्हता. डेगी त्याच्याकडूनच घेतल्या. ज्यांनी बैठकीत बोल लावला होता, त्यांनी पुढच्या जुम्याला नमाजनंतर त्याचा हात हातात घेऊन माफी मागितली.

भाव विचारणे हा आपला हक्क आहे. पण तोहमत ठेवण्याआधी हिशेब मागावा.