पत्त्यात गाव नाही

राखीपौर्णिमा पंधरा दिवसांवर आली, की आमच्या सातारा भागातल्या शाखा डाकघरांत दुपारची गर्दी वाढते. फौजेत कुणीच नाही असं घर या भागात शोधावं लागतं. अपशिंगे गावाच्या तर नावातच कंसात 'मिलिटरी' आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची ४६ माणसं गेली. यंदा अशाच एका डाकघरात मी पोस्टमास्तरांच्या टेबलाशेजारी बसलो आणि पाकिटांवर पत्ते कसे उतरतात तेवढंच पाहत राहिलो.

बहिणी मोबाइल हातात धरूनच येतात. भावानं पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेला असतो, तो आकडा न आकडा ताडून लिहायचा. आधी त्याचा लष्करी क्रमांक, हुद्दा, नाव. खाली कंपनी, त्याखाली पलटण. मग '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस), आणि सहा आकडी पिन. संपलं. गाव नाही, जिल्हा नाही, राज्यसुद्धा नाही. एका मुलीनं शेवटी 'काश्मीर' लिहायला घेतलं, तसे बाकावर बसलेले निवृत्त सुभेदार पुढं झुकले.

"ते न्हाई लिवायचं, बाय. पलटण कुठं हाय ते आपल्याला ठावं असंल, पाकिटाला ठावं नगं."

तिनं ते खोडलं आणि नवं पाकीट मागितलं.

सुभेदारांनी मग मला तो पत्ता वाचायला शिकवला. दहा जणांचा सेक्शन, तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा अशा कंपन्या मिळून पलटण; माणसं साधारण आठशे. तिच्या वर ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर आणि कमांड. अशा सात कमांड आहेत, त्यांतल्या दक्षिण कमांडचं मुख्यालय पुण्यात. पण पत्ता पलटणीवरच थांबतो, वर चढत नाही. कारण बर्फातून वाळवंटात जायचं तर पलटण अख्खी हलते. तिथं गेल्यावर ब्रिगेड बदलते, डिव्हिजन बदलते. पलटण तीच, कंपनी तीच, शेजारच्या खाटेवरचा गडीही बहुतेक तोच. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन १७६८ ची. 'जंगी पलटण' एवढं म्हटलं की इकडच्या कुठल्याही पारावर ती कुठली हे सांगावं लागत नाही.

पिनकोडची गोष्ट मला विशेष जवळची वाटते. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. पहिल्या आकड्यावरून देशाचा विभाग कळतो; महाराष्ट्र आणि गोवा चारमध्ये. एक ते आठ हे आकडे जमिनीला चिकटलेले आहेत. नऊ मात्र सैन्याचा, आणि त्याला नकाशावर जागा नाही. तो आकडा जागेला नव्हे, माणसांना दिलेला आहे.

शाखा डाकघराची थैली तालुक्याला जाते, तिथून आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये. तोवर ते पाकीट चारचौघांसारखंच. वाट वेगळी होते ती पुढं. ढोबळमानानं ५६ म्हणजे उत्तर आणि पश्चिम, ९९ म्हणजे पूर्व. त्याप्रमाणे ते दिल्लीच्या किंवा कोलकात्याच्या लष्करी डाकघरात पोचतं. कुठली पलटण आज कुठल्या फील्ड पोस्ट ऑफिसला जोडलेली आहे, हे फक्त तिथं माहीत असतं. पलटण हलली की तिच्या डाकेची वाट तिथं बदलतात. बहिणीला काही कळवावं लागत नाही. तिच्या वहीतला पत्ता जसाच्या तसा चालतो. एवढ्या मोठ्या सैन्याची हालचाल गुप्त राहावी आणि तरी त्यातल्या एकेका माणसाला घरचं पाकीट मिळावं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणारं हे काम आहे, आणि ते करणाऱ्यांबद्दल आपल्याकडं फारच कमी बोललं जातं. आर्मी पोस्टल सर्व्हिसचं स्वतंत्र कोअर १ मार्च १९७२ ला झालं. त्यातली बरीचशी माणसं मूळची टपाल खात्यातलीच. काल खिडकीवर तिकिटं विकणारा कारकून नागपूरजवळच्या कामठीला जातो, कवायत शिकतो, वर्दी चढवतो आणि सीमेवरच्या तंबूत शिक्के मारायला बसतो.

ही परंपरा जुनी आहे. १८५६ मध्ये मुंबईहून इराणवर फौज निघाली तेव्हा तिच्याबरोबर फील्ड पोस्ट ऑफिस होतं. १९१४ मध्ये परदेशी निघालेल्या फौजांसाठी तिकिटांवर 'आयईएफ' (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स) अशी अक्षरं छापली गेली. स्वातंत्र्यानंतर निमित्त बदललं. मायदेशी परतायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांना सांभाळायला १९५३ मध्ये भारतीय संरक्षक दल कोरियाला गेलं. त्याचे सेनापती आपल्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. त्या दलासाठी भारतीय तिकिटांवर देवनागरीत मजकूर छापला होता. पुढं गाझा आणि काँगोतल्या आपल्या सैनिकांसाठीही मजकूर छापलेली तिकिटं निघाली. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांवर आजवर अडीच लाखांहून जास्त भारतीय सैनिक जाऊन आले. लेबनॉनच्या टेकडीवर किंवा दक्षिण सुदानच्या चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या हाती घरचा कागद पडणं ही काय चीज आहे, ते सुभेदारांच्या तोंडून ऐकावं. ते काँगोत होते. पत्र आलं की आधी खिशात घालायचं, ड्युटी संपल्यावरच फोडायचं, असा त्यांनी नेम केला होता.

थैली बांधायची वेळ झाली तेव्हा एक बाई धापा टाकत आल्या. त्यांचा भाऊ नौदलात. पत्ता आणखी आटोपशीर: नाव, हुद्दा, जहाज, 'फ्लीट मेल ऑफिस, मुंबई'. सोमालियाच्या चाच्यांपासून व्यापारी जहाजांना राखायला आपली नौदलाची जहाजं २००८ पासून एडनच्या आखातात गस्त घालतात, तसल्या फेरीवर तो होता. पोस्टमास्तरांनी पाकीट चाचपलं, आत कुंकवाची पुडी आहे म्हणून तोंडाला चिकटपट्टी लावली आणि वजनाला ठेवलं.

"सणापर्यंत पोचंल का, सांगता यायचं न्हाई हां, ताई."

"पोचंल तवा पोचंल," बाई सुटे पैसे मोजत म्हणाल्या. "गेल्या साली त्यानं दसऱ्याला बांधली."