क्रुम्बिगेलच्या माघारी

गुस्ताव हेर्मान क्रुम्बिगेल 8 फेब्रुवारी 1956 रोजी बेंगळुरूत वारला. म्हणजे या फेब्रुवारीत 70 वर्षं झाली. एरवी ही तारीख माझ्या लक्षात राहिली नसती. पण गेल्या वर्षी हेब्बाळ ते सिल्क बोर्ड या नियोजित भुयारी रस्त्याचं एक तोंड लालबागेच्या जमिनीत उघडायचा घाट घातला गेला, तेव्हापासून हा जर्मन माळी डोक्यातून जात नाही. लोकांनी ओरड केली, तेव्हा सहा एकरांचा एक एकर झाला. मग पर्यायी जागा बघू, म्हणाले. या गावातलं 'बघू' मला चांगलं ठाऊक आहे.

होसूर रोडवरच्या मेथडिस्ट दफनभूमीत त्याचं थडगं आहे. मराठी वाचकांना तो अगदीच परका नसावा. ड्रेस्डेनजवळ जन्मलेला, लंडनच्या क्यू उद्यानात शिकलेला हा माणूस 1893 मध्ये हिंदुस्थानात आला तो सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात. तिथल्या बागा सांभाळून तो म्हैसूर संस्थानात आला आणि 1908 पासून 1932 पर्यंत लालबाग त्याच्याकडे होती. त्याच काळात त्याने रस्त्यांचा विचार केला, तोही वर्षभराचं पंचांग समोर ठेवून. एका झाडाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, अशी त्याची लावणी. बारमाही फुललेलं शहर ही बेंगळुरूची ख्याती हवेमुळे झाली असं पुणेकर मला अजून सांगतात. हवा पुण्यालाही होती.

त्याच्या मागची पंचवीसेक वर्षं मी पाहिलेली नाहीत आणि त्यांत मला फारसा रसही नाही. बेंगळुरूच्या 1791 मधल्या वेढ्यात पडलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांची किल्ल्याजवळची दफनभूमी केव्हाच नाहीशी झाली होती, त्यांच्या आठवणीचा स्तंभ 1964 मध्ये पाडला गेला. त्याबद्दल हळहळ करायला इंग्रज समर्थ आहेत.

मी आले ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, नोकरीसाठी, जयनगरमध्ये. लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास. एचएमटी, एचएएल, बीईएल, आयटीआय यांचे भोंगे आणि बीटीएसच्या बसगाड्या यांवर शहराचं घड्याळ चाले. संध्याकाळी पंखा लावावा लागत नसे. निवृत्त लोक इथे घर बांधत आणि गुलाबाच्या कलमांवरून भांडत. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी टॅबेबुया, मग नीलमोहर, पाठोपाठ गुलमोहर आणि सोनमोहर. त्या पिवळ्या सड्यावर स्कूटर घसरायची, पण तक्रार कोणी करत नसे. मी तर करायचे नाहीच.

याच दशकात क्रुम्बिगेलला खरा वारस मिळाला, आणि त्याचं नाव मराठी सोडा, कन्नड माणसांनाही चटकन आठवत नाही. एस. जी. नेगिनहाळ, वनखात्यातला अधिकारी. गुंडूराव मुख्यमंत्री असताना शहर उजाड होत चालल्याची हाकाटी झाली, तेव्हा हे काम त्यांच्याकडे आलं आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत शहरात सुमारे 15 लाख झाडं लागली. रोपं चांगली उंच वाढवूनच रस्त्यावर आणायची, भोवती जाळी ठोकायची, आणि ज्याच्या दारात झाड त्याला राखणदार करायचं. आमच्या गल्लीत शेजारचे काका सकाळी लुंगी खोचून बादलीने पाणी घालायचे आणि कुणी जाळीला सायकल टेकवली तर कन्नड, तमिळ, तोडकीमोडकी मराठी अशा तिन्ही भाषांत झोडायचे. त्यांनी वाढवलेला पर्जन्यवृक्ष पुढे एका कार्यालयाने 'फांद्या छाटतो' म्हणून बुंध्यापर्यंत छाटला. त्या साहेबांचं हुद्द्यासकट नाव मला पाठ आहे. छापत नाही एवढंच.

1983 मध्ये इन्फोसिस पुण्याहून इथे आली, 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली. आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: रुंदीकरण, उड्डाणपूल, आणि 2014 मध्ये बँगलोरचं सरकारी बेंगळुरू.

नावावरून आठवलं. गेल्या सप्टेंबरात इथल्या शिवाजीनगर मेट्रो स्थानकाला सेंट मेरीचं नाव देण्याची भाषा झाली, तशी मुंबईतून गर्जना सुरू झाल्या. रास्तच. पण ज्या शहाजीराजांची ही जहागीर, ते 1664 च्या जानेवारीत शिकारीत घोड्यावरून पडून गेले. त्यांची समाधी चन्नगिरी तालुक्यात होदिगेरेला आहे. गर्जना करणाऱ्यांपैकी किती जण तिथे जाऊन आले, हा प्रश्न मी ओळखीच्या मराठी मंडळींत विचारला. विषय बदलला गेला.

क्रुम्बिगेलचं तसं नाही. माझ्या तरुणपणी त्याच्या पडक्या थडग्याकडे कोणी फिरकत नसे आणि रस्ते मात्र फुललेले असत. आता वंशजांनी पुढाकार घेऊन थडगं दुरुस्त करवलं आहे, पुण्यतिथीला हार येतो, भाषणं होतात. लालबागेतलं त्याच्या नावाचं सभागृह मात्र 2017 मध्ये जमीनदोस्त झालं. मला विचाराल तर मी पडकं थडगं पत्करेन. तो आयुष्यभर कशासाठी खपला, हे त्या पिढीला ठाऊक नसेल, पण तिने ते मोडलं नाही. आताच्या हारवाल्यांना सगळं ठाऊक आहे.

नेगिनहाळ 2021 च्या मे महिन्यात करोनाने गेले. त्या लाटेत स्मशानांसमोर रुग्णवाहिकांच्या रांगा होत्या, शोकसभा वगैरे कोण घेणार. त्यांच्या काळातली झाडं आता चाळिशीची आहेत, म्हणजे ऐन सावलीची, आणि नेमकी तीच मेट्रो आणि रुंदीकरणाच्या यादीत सापडतात. तोडलेल्या एका झाडामागे दहा रोपं लावू, असं दर वेळी सांगितलं जातं. पत्ता विचारला की शहराबाहेरचा मिळतो.