दोन सेल, एक हँडल आणि रणांगणावरचा आवाज

ना एक्सचेंज, ना वीजजोडणी, ना एकही ट्रान्झिस्टर. तरीही चामड्याच्या पिशवीतला एक फोन तारेवरून दहा-पंधरा किलोमीटर दूर माणसाचा आवाज पोहोचवत असे. अमेरिकी सैन्याचा ‘ईई-८’ हा फील्ड टेलिफोन दुसऱ्या महायुद्धात, कोरियात आणि व्हिएतनाममध्येही वापरला गेला. जर्मन सैन्याकडे बेकलाइटच्या पेटीतला ‘एफएफ-३३’ होता, तर ब्रिटिशांकडे ‘डी मार्क ५’. संग्राहकांच्या हाती येणारे हे फोन बहुधा मुके झालेले असतात. मात्र त्यातले बरेचसे पुन्हा बोलते करता येतात आणि ते करताना विद्युतचुंबकत्व प्रत्यक्ष हाताळायला मिळते.

‘ईई-८’मध्ये टॉर्चचे दोन सेल असतात, म्हणजे जेमतेम ३ व्होल्ट. एवढ्यावर भागते ते कार्बन माइकमुळे. पातळ पडद्यामागे कार्बनचे बारीक कण भरलेले असतात. आवाजाने पडदा दाबला गेला की कण एकमेकांना घट्ट भिडतात आणि विद्युतरोध घटतो. पडदा मागे सरला की रोध वाढतो. नळाची चावी फिरवायला जोर लागत नाही, पाणी टाकीच्या दाबाने वाहते. तसेच इथे आवाज प्रवाह फक्त कमी-जास्त करतो, ऊर्जा सेल पुरवतात. त्यामुळे हा माइक स्वतःच एक वर्धक ठरतो. पुढे इंडक्शन कॉइल या बदलत्या प्रवाहाचा दाब वाढवून तो तारेवर सोडते.

घंटी वाजवायला मात्र सेल लागत नाहीत. हँडल फिरवले की दंतचक्रांमुळे आतले वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात वेगाने फिरते आणि सुमारे २० हर्ट्झचा, ८०-९० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण होतो. हा मॅग्नेटो. बोलण्याच्या मंडलातला कंडेन्सर या प्रवाहाला अडवतो आणि आवाजाला वाट देतो, कारण वारंवारिता वाढते तसा त्याचा अडथळा कमी होतो. अर्ध्या मायक्रोफॅरडचा कंडेन्सर २० हर्ट्झला सुमारे १६,००० ओहम अडथळा करतो, १,००० हर्ट्झला मात्र अवघा ३२० ओहमच्या आसपास.

तारेचीही एक गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धात अनेकदा एकच तार टाकून परतीचा मार्ग म्हणून जमीन वापरली जाई. जमिनीतून पसरणारा प्रवाह पकडून जर्मन सैनिक समोरच्या खंदकांतले बोलणे ऐकू लागले. त्यावर ब्रिटिश अधिकारी फुलर यांनी १९१५ मध्ये ‘फुलरफोन’ काढला. मोर्स संदेशासाठी तारेवर अत्यंत क्षीण एकदिश प्रवाह सोडायचा आणि त्याचा ऐकू येणारा आवाज ग्राहकयंत्रातच करायचा, ही त्याची युक्ती. चोरून ऐकणाऱ्याच्या कानी काहीच पडत नसे. पुढे दोन तारा एकमेकींना पीळ देऊन टाकणे रूढ झाले. त्या तारांत वहनासाठी तांब्याचे आणि ताण सोसण्यासाठी पोलादाचे धागे असत.

असा फोन हाती आला की लगेच सेल घालू नयेत. आधी सेलचा कप्पा पाहावा. जुन्या झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी असते, ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावी. अल्कलाइन सेल गळला असेल तर व्हिनेगर वापरावे. माइकमधले कण ओलाव्याने चिकटले असतील, तर सेल काढून माइक तळहातावर हलकेच आपटावा. हलवल्यावर मीटरवरचा रोध बदलला, तर माइक जिवंत आहे. मॅग्नेटोचा फिरता भाग मात्र उगाच बाहेर काढू नये. चुंबकीय क्षेत्राचा लोखंडी मार्ग तुटला की जुने चुंबक कायमचे क्षीण होतात.

कागदी कंडेन्सर बहुधा निकामी झालेला असतो. जाणकार त्याचे मूळ कवच जपून आत नवा कंडेन्सर बसवतात, जुना भाग लेबल लावून ठेवतात आणि काय बदलले याची नोंद करतात. चामड्याला चकाकी आणणे, रंगाचे नवे हात देणे, शिक्के घासून पुसणे हे टाळावे. कारखान्याचे शिक्के आणि सैनिकाच्या हातांनी झालेली झीज हाच त्या वस्तूचा इतिहास आहे.

दोन खबरदाऱ्या हव्यात. हँडल फिरत असताना टर्मिनलला हात लावू नये. धक्का जोरदार बसतो. आणि हा फोन घरच्या टेलिफोन लाइनला जोडू नये. त्याच्या घंटीचा दाब आधुनिक उपकरणे जाळू शकतो.

भारतीय लष्कराची सिग्नल कोअर १५ फेब्रुवारी १९११ हा आपला स्थापना दिवस मानते आणि जबलपूरला तिचे संग्रहालय आहे. पण अशा यंत्रांना केवळ काचेआड ठेवून त्यांचे विज्ञान कळत नाही. शाळेच्या विज्ञान मंडळाला फील्ड टेलिफोनची एक जोडी मिळाली, तर ती दुरुस्त करून दोन वर्गांमध्ये तार टाकावी आणि मुलांना हँडल फिरवू द्यावे. कुणाच्या घरी माळ्यावर असा फोन असेल, तर तो भंगारात घालू नका. जाणकाराला दाखवा आणि बोलता करा.