वेझले येथील मरीया मग्दालीयेचे चर्च : रोमनेस्क वास्तुरचना आणि तिची पुनर्बांधणी

मध्ययुगीन युरोपच्या वास्तुकलेत गॉथिक शैलीच्या आधी जी शैली प्रचलित होती, तिला रोमनेस्क असे म्हणतात. जाड भिंती, अर्धवर्तुळाकार कमानी आणि दगडी छत ही तिची प्रमुख लक्षणे होत. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात, वेझले या टेकडीवरील गावात असलेले मरीया मग्दालीयेचे चर्च हे या शैलीचे महत्त्वाचे उदाहरण मानले जाते. १९७९ मध्ये युनेस्कोने त्याचा समावेश जागतिक वारसा यादीत केला.

येथील मठाची स्थापना नवव्या शतकात झाली. मात्र त्याला वैभव प्राप्त झाले ते अकराव्या शतकात, मरीया मग्दालीयेचे अस्थिअवशेष येथे असल्याची श्रद्धा रूढ झाल्यानंतर. स्पेनमधील सांतिआगो या तीर्थाकडे जाणाऱ्या एका प्रमुख मार्गाचा आरंभही येथूनच होत असे. यात्रेकरूंची संख्या वाढली, तसे जुने चर्च अपुरे पडू लागले. मठाधिपती आर्तो याने १०९६ च्या सुमारास नवे बांधकाम हाती घेतले. त्याचा आर्थिक भार परिसरातील लोकांवर पडला. असंतोष वाढत गेला आणि ११०६ मध्ये आर्तोची हत्या झाली. भव्य धर्मवास्तूंच्या इतिहासात खर्चाची ही बाजू सहसा दुर्लक्षित राहते. पुढे ११२० च्या जुलैमध्ये, मरीयेच्या उत्सवाच्या सुमारास, जुन्या भागाला भीषण आग लागून अनेक यात्रेकरू मृत्युमुखी पडले. आज दिसणारे मध्यदालन त्यानंतरच्या दोन दशकांत उभे राहिले.

या मध्यदालनाची रचना वास्तुशास्त्रीय दृष्ट्या विशेष लक्षणीय आहे. त्या काळी बर्गंडीतील मोठ्या चर्चना, उदाहरणार्थ क्लूनी व ओतँ येथे, पिंपाच्या आकाराचे सलग छत असे. अशा छताचा भार भिंतीच्या संपूर्ण लांबीवर पडत असल्याने भिंतीत मोठ्या खिडक्या ठेवणे धोक्याचे ठरते. वेझले येथील कारागिरांनी काटकोनात एकमेकांस छेदणाऱ्या दोन पिंपाकार छतांची योजना केली. त्यामुळे भार प्रत्येक खणाच्या चार कोपऱ्यांवर एकवटतो. कोपऱ्यांच्या मधली भिंत मोकळी राहून तेथे खिडक्या घेता आल्या व दालन प्रकाशाने उजळले. आडव्या कमानींत फिकट व गडद दगड आलटूनपालटून बसविल्याने या प्रकाशाला निराळाच उठाव येतो. परंतु छताचा बाहेरच्या दिशेने पडणारा रेटा रोखण्यास भिंती अपुऱ्या ठरल्या. त्या बाहेर कलल्या, कमानी चपट्या झाल्या आणि पुढील काळात बाहेरून झुकत्या आधारकमानी उभाराव्या लागल्या. प्रकाशासाठी मोजलेली ही किंमतच होती.

मुखमंडपातून मध्यदालनात नेणाऱ्या मुख्य द्वारावरील अर्धवर्तुळाकार शिल्पपट्ट हा या वास्तूचा सर्वांत समृद्ध भाग होय. मध्यभागी विशाल ख्रिस्तमूर्ती असून तिच्या हातांतून निघणारे किरण शिष्यांपर्यंत पोहोचतात. भोवतालच्या चौकटींत व खालच्या पट्टीत जगाच्या टोकाला राहणारे लोक कोरलेले आहेत. त्यांत श्वानमुखी माणसे, शिडी लावून घोड्यावर चढणारे बुटके आणि सुपाएवढ्या कानांचे लोक दिसतात. यांतील काही कल्पना भारताशी निगडित आहेत. श्वानमुखी लोक भारतात राहतात, असे ग्रीक लेखक टेसिअस याने लिहिले होते. कान पांघरून झोपणाऱ्या लोकांचा उल्लेख मेगॅस्थिनीसच्या भारतवर्णनात येतो, तर महाभारताच्या सभापर्वातील सहदेवाच्या दिग्विजयात ‘कर्णप्रावरण’ नावाचे लोक आढळतात. बाहेरील कमानीवर बारा राशी व बारा महिन्यांची कामे कोरलेली आहेत. राशिचक्र परिचयाचे असल्याने भारतीय अभ्यासकाला हा भाग विशेष जवळचा वाटावा.

११४६ मध्ये क्लेअरव्होच्या बर्नार्डने येथेच दुसऱ्या धर्मयुद्धाचे आवाहन केले. तथापि १२७९ मध्ये प्रोव्हान्समधील सें-माक्सिमें येथे मरीयेचे खरे अवशेष सापडल्याचा दावा झाला आणि वेझलेकडे येणारा यात्रेकरूंचा ओघ आटू लागला. १५६९ मधील धार्मिक युद्धात व पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत वास्तूची मोठी हानी झाली.

१८३४ मध्ये स्मारक निरीक्षक प्रॉस्पर मेरिमे याने चर्चच्या दुरवस्थेकडे शासनाचे लक्ष वेधले. १८४० मध्ये अवघ्या २६ वर्षांच्या व्हिओले-ल-द्यूकवर दुरुस्तीचे काम सोपविण्यात आले. त्याने आधारकमानी नव्याने बांधल्या, आडव्या कमानींना मूळ गोलाई दिली आणि झिजलेल्या अनेक स्तंभशीर्षांच्या जागी प्रतिकृती बसविल्या. त्याच्या प्रयत्नांवाचून छत कोसळले असते, याबद्दल फारसे दुमत नाही. परंतु मध्यदालनाच्या पूर्व टोकाकडील काही खणांवर नंतरच्या काळात घातलेले गॉथिक छत काढून तेथे त्याने रोमनेस्क पद्धतीचे छत घातले. ते केवळ दुरुस्तीचे काम म्हणता येत नाही. मध्ययुगाने स्वतःच केलेला बदल एकोणिसाव्या शतकाने शैलीच्या एकसंधतेसाठी पुसून टाकला. बाह्य दर्शनी द्वारावरील शिल्पपट्टही त्याच काळातील आहे. म्हणून मध्यदालनाचा अभ्यास करताना कोणता दगड बाराव्या शतकातील व कोणता एकोणिसाव्या शतकातील, हे प्रत्येक खणात वेगळे तपासावे लागते. त्यासाठी चर्चच्या संग्रहालयात जतन केलेली मूळ स्तंभशीर्षे हा सर्वांत विश्वसनीय पुरावा होय.